लेसर आणि जोडकॅमेरे: आमची वाटचाल

रबाळे एमआयडीसीतील आमची कार्यशाळा सुरुवातीला कारखान्यांसाठी अंतर मोजणारे लेसर सेन्सर बसवून देत असे. भिवंडीच्या गोदामांतून फोर्कलिफ्टसाठी विचारणा होऊ लागली, तेव्हा एका बिंदूचे अंतर पुरेनासे झाले. पॅलेटची, म्हणजे माल ठेवायच्या सपाट चौकटीची, कड नेमकी कुठे आहे, हे चालकाला दिसायला हवे होते.

म्हणून लेसरच्या सोबतीला जोडकॅमेरे, म्हणजे शेजारी-शेजारी बसवलेले दोन कॅमेरे, आले. त्यांच्या चित्रात अंतर कळणारे बिंदू भरगच्च असतात. एकच बिंदू दोन चित्रांत किती सरकलेला दिसतो, यावरून अंतर निघते. परंतु अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते. आमच्या जोडीत कॅमेरे १२ सेंटीमीटरवर आहेत आणि भिंगाचे नाभीय अंतर १००० पिक्सेल आहे. त्यामुळे जुळणी पाव पिक्सेलने चुकली, तर ३ मीटरवर सुमारे २ सेंटीमीटरचा, पण १२ मीटरवर ३० सेंटीमीटरचा फरक पडतो. कोऱ्या भिंतीवर तर जुळवायला खूणच सापडत नाही. लेसरची चूक अंतराबरोबर अशी वाढत नाही. मात्र त्याचे बिंदू विरळ पडतात, आणि काच व पॅलेटवरचे चकचकीत प्लास्टिक त्याला चकवतात.

दोन्हींची सरासरी काढा, असा सल्ला अनेकांनी दिला. तो मला पटला नाही, कारण भरवशाच्या मापात बेभरवशाचे माप मिसळले की भरवसाच जातो. आम्ही लेसरचे बिंदू चित्रावर पक्के धरतो, त्यांच्या आसपासच जुळणी शोधतो आणि प्रत्येक मापाला त्याच्या संभाव्य चुकीनुसार वजन देतो. दोन्ही मापे फारच विसंगत निघाली, तर ती जागा अज्ञात ठरवून अडथळा मानतो. जिथे माणसे वावरतात, तिथे यंत्राने अंदाजावर पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

खरा वेळ गेला तो कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे लेसर आणि कॅमेरे एकमेकांशी नेमके जुळवण्यात. लेसर आणि कॅमेऱ्यांच्या दिशेत अर्ध्या अंशाचा फरक राहिला, तर १० मीटरवर बिंदू जवळजवळ ९ सेंटीमीटर बाजूला पडतो. म्हणून आम्ही दोन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बसवतो आणि मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या यंत्रावर बुद्धिबळपटाच्या नमुन्याने पुन्हा तपासतो. वेळही जुळावी लागते: सेकंदाला २ मीटर वेगाने जाणारी फोर्कलिफ्ट ५० मिलिसेकंदांत १० सेंटीमीटर पुढे सरकते, त्यामुळे आता दोन्हींना एकच ट्रिगर, म्हणजे मोजणी सुरू करण्याचा इशारा, दिला आहे.

पावसाळ्यात माल चढवण्याच्या धक्क्यावर थेंबांवरूनही प्रकाश परततो. सर्वांत शेवटी परतलेला प्रकाशच ग्राह्य धरून लेसरपुरता हा त्रास बराच कमी झाला. भिंगावर साचणाऱ्या पाण्यावर सध्या काम सुरू आहे.