एका इंजिनावर आणलेली गाडी

मी इंग्लंडमध्ये बस डेपोत डिझेल मेकॅनिक आहे आणि सुट्टीच्या दिवशी एका हेरिटेज रेल्वेवर, म्हणजे हौशी लोकांनी जपून चालवलेल्या जुन्या रेल्वेवर, व्हॉलंटियर म्हणून जातो. तिथे ग्रेट वेस्टर्न रेल्वे या जुन्या ब्रिटिश कंपनीची डिझेल रेलकार आहे, म्हणजे वेगळं इंजिन न लावता स्वतःच चालणारा प्रवासी डबा. बाकी सगळे वाफेच्या इंजिनाभोवती जमतात, पण माझा जीव या गाडीत अडकलाय, कारण रुळांखालच्या पिटात, म्हणजे गाडी खालून तपासायच्या खड्ड्यात, उतरलं की सगळं ओळखीचं दिसतं. बस बनवणाऱ्या एईसी कंपनीचं सहा सिलिंडरचं इंजिन, फ्लुइड फ्लायव्हील (तेलातून जोर पुढे देणारं चाक), प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स (ज्यात पुढचा गिअर आधीच निवडून ठेवता येतो), म्हणजे लंडनच्या जुन्या डबल डेकरच्या घराण्यातलंच सगळं, फक्त इथे दोन्ही बाजूंना एकेक इंजिन.

त्या दिवशी गर्दी बऱ्यापैकी होती. दुपारच्या फेरीत परत येताना डाव्या बाजूने गोडसर, गरम वास यायला लागला आणि बस डेपोत काम केलेल्या माणसाला तो वास लगेच कळतो, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय. पुढच्या थांब्यावर खाली वाकून बघितलं तर रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी क्लिपच्या अगदी मागे चिरलेली, बारीक धार उडत होती, गरम केसिंगवर पडून तिची वाफ होत होती. तिथे टेप गुंडाळून काही उपयोग नसतो. ड्रायव्हर म्हणाला, "काय करूया?" मी म्हटलं, हे बंद करा, उजव्यावर आरामात जाऊ.

आणि गेलो की! वेग कमी, चढावर आवाज जड झाला, मी सगळा वेळ कान उजव्या इंजिनाकडे लावून उभा होतो, पण लोकांना घेऊन गाडी घरी आली.

या जातीची 1933 ची पहिली रेलकार, 69 सीटची, एकाच इंजिनावर चालायची. दुसऱ्याच वर्षी दोन इंजिनांच्या आल्या आणि जुलै 1934 पासून बर्मिंगहॅम-कार्डिफ एक्स्प्रेस म्हणून धावायला लागल्या, आत बुफेसुद्धा. लोकांना त्या इतक्या आवडल्या की 44 सीट पुरेनात, आणि जास्तीचा डबा जोडायची सोयच नव्हती, मग तिथे पुन्हा वाफेच्या इंजिनाची गाडी लावायची वेळ आली. मला याचं खरंच वाईट वाटतं, चांगली चालली म्हणूनच बाजूला काढली बिचारीला. नंतर 18 नंबरच्या गाडीला नेहमीचे बफर (धक्का झेलणारे दट्टे) आणि कपलिंग (डबे जोडायचा आकडा) दिले, तेव्हा कुठे मागे डबा ओढता यायला लागला. 1942 पर्यंत एकूण 38 गाड्या झाल्या आणि शेवटच्या 1962 मध्ये निघाल्या. ब्रिटनमध्ये पुढे गावोगावी डिझेल डबे धावले त्याची वाट या गाड्यांनी आधीच चालून दाखवली होती, पण म्युझियममध्ये लोक चकाकणारं वाफेचं इंजिन बघून पुढे जातात, हिच्याखाली कोणी वाकत नाही.

संध्याकाळी नळी काढली. आतलं रबर पापडासारखं कडक झालेलं, बोटाने तुकडे पडत होते. मी म्हटलं आता उजवीकडची पण काढूया, जिने आज सगळ्यांना आणलं तीच. बाहेरून ती एकदम ठीक दिसत होती, कापून बघितली तर आतून तिलाही चीर गेलेली. दोन्ही नव्या बसवल्या, इंजिनं गरम होईपर्यंत चालवून बघितली, मगच घरी गेलो.