चौथऱ्यावरचा दगड

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या खानदेशातील एका नगरपालिकेत मी बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता आहे. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्यांच्या पणजोबांचा उल्लेख येणार आहे ती घराणी आजही त्याच पेठेत राहतात आणि कोणाला खाली मान घालायला लावावी, हा या लिखाणाचा हेतू नाही.

आमच्या बागेच्या तोंडाशी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा संगमरवरी अर्धपुतळा होता. जेम्स आउट्रमने 1825 साली भिल्लांनाच शिपाई म्हणून भरती करून जी पलटण उभी केली आणि जिचे ठाणे धरणगावला होते, त्या पलटणीत हा अधिकारी पुढे कधीतरी नोकरीला होता. गावाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. सगळे ‘साहेबाचा पुतळा’ म्हणत आणि बाजाराच्या दिवशी पाड्यांवरून आलेल्या बाया त्याच्या सावलीत टोपल्या उतरवून बसत. पुतळा हटवा, ही मागणी त्याच पाड्यांवरून आली. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीच्या लढाईत कंपनी सरकारच्या फौजेशी लढलेल्या खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या माणसांचे वंशज आठवड्यातून एकदा या वाटेने येतात, आणि त्यांना पहिले दर्शन घडते ते भिल्लांचा बंदोबस्त केला म्हणून गौरवलेल्या साहेबाचे. निवेदन वाचले त्या दिवसापासून माझे मत पक्के होते की ही मागणी रास्त आहे. पालिकेने ठराव केला आणि काम माझ्याकडे आले.

सकाळी सात वाजता आम्ही तिपाई उभी करून चेनपुली लावली. पुतळ्याच्या बुडाशी लोखंडी खुंटा होता आणि तो चौथऱ्यात शिसे ओतून बसवलेला होता. घाईने पहार घातली असती तर संगमरवर तडकला असता. म्हणून आमच्या गवंडी आप्पांनी बारीक छिन्नीने शिसे पापुद्र्यापापुद्र्याने काढले. त्या सव्वा तासात बागेत दोनशे माणसे असतील, पण छिन्नीच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हते. पुतळा गोणपाटात गुंडाळून, पेंढा घातलेल्या खोक्यात ठेवून वाचनालयाच्या खोलीत नेला. बंदोबस्ताला आलेले पोलीस चहा प्यायला गेले आणि मला वाटले, दिवस सुखरूप पार पडला.

पंचनाम्यासाठी चौथऱ्याची मोजमापे घ्यायची होती. दर्शनी बाजूला इंग्रजी मजकूर आहे, एवढे सर्वांना माहीत होते. मागच्या बाजूला वर्षानुवर्षे चुना आणि नंतर डिस्टेंपर फासलेला होता. कडा नीट दिसावी म्हणून आप्पांनी तो खरवडला आणि खाली अक्षरे लागली. ओल्या गोणपाटाने पुसत गेलो तसा बाळबोध लिपीतला मजकूर उघडा पडला: शके 1815, ‘समस्त पेठकर व रयत यांनी वर्गणी करून’, आणि त्याखाली सतरा नावे, प्रत्येकापुढे रुपयांचा आकडा. कोणाचे एक्कावन्न, कोणाचे पंचवीस, एकाचे पाच. कपाशीचे व्यापारी, एक वतनदार पाटील, एक वकील. त्यांपैकी सहा आडनावे त्या क्षणी बागेतच उभी होती आणि त्यांतले एक ठरावाला सूचक असलेल्या नगरसेवकांचे होते.

पुतळा जाताना जी शांतता होती ती तिथे मोडली. नगरसेवकांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, ग्राइंडर मागवा, हे घासून टाकू. साहेब गेला, आता याचं काय काम?” मी नकार दिला. ठराव पुतळा काढण्याचा आहे, त्यात दगडाचा उल्लेख नाही, असे मी सांगितले आणि ते खरेही होते. पण माझे खरे कारण वेगळे होते. चौथऱ्यावरचा माणूस कोण होता हे पुतळा सांगतो, पण त्याला तिथे कोणी चढवले हे त्या दगडाशिवाय गावात दुसरे काहीच सांगत नव्हते. इंग्रजांनी आपल्या डोक्यावर लादलेला पुतळा, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. ते अर्धेच खरे होते. त्या काळी सरकारी वर्गणीला नाही म्हणणे व्यापाऱ्याला किती शक्य होते, हा प्रश्न रास्त आहे आणि त्या सतरा जणांना आज गुन्हेगार ठरवावे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र दगड घासला तर हा प्रश्न विचारण्याचीसुद्धा सोय उरत नाही.

दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी ज्यांनी निवेदन दिले होते ते पाड्यावरचे गुरुजी पुढे आले, वाकून त्यांनी सतराही नावे मोठ्याने वाचली आणि नगरसेवकांना अहिराणीत म्हणाले, “आबा, हाऊ दगड आमले पाहिजे शे. साहेबनी आमले धरं, पन टाया कोन वाजाड्यात ते आठे लिखेल शे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच बहुधा कोणाला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मी मुख्याधिकाऱ्यांसाठी टिपण लिहायला बसलो, तेव्हा इतर ठिकाणचे दाखले आठवू लागले. मद्रासला 1857 च्या बंडात क्रौर्याने गाजलेल्या नील या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या पुतळ्याविरुद्ध 1927 साली सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले आणि 1937 साली राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाच्या काळात तो रस्त्यावरून संग्रहालयात गेला. मुंबईचा सातव्या एडवर्डचा घोडेस्वार पुतळा 1965 साली राणीच्या बागेत हलवला, तरी चौकाचे नाव काळा घोडाच राहिले. मात्र मला सर्वांत जवळचे उदाहरण वाटले ते इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराचे. गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेल्या एडवर्ड कोल्स्टनच्या पुतळ्याखाली खरा इतिहास सांगणारी पाटी लावायचे ठरले होते. तिच्या शब्दांवरून वाद होत राहिला, पाटी लागलीच नाही आणि 7 जून 2020 रोजी जमावाने पुतळा ओढून बंदरात फेकला. पुढे तो बाहेर काढून, अंगावरचा रंग तसाच ठेवून, संग्रहालयात आडवा मांडला. चार ओळींच्या खऱ्या मजकुराला जिथे वर्षानुवर्षे जागा मिळत नाही, तिथे पुतळ्याचा निकाल दोरखंडाने लागतो, असे मी टिपणात लिहिले आणि ते वाक्य खोडले नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी दगड वाचनालयाच्या भिंतीत बसवण्याची मंजुरी दिली. चौथरा अजून रिकामा आहे. तेथे खाज्या नाईकांचा पुतळा हवा, अशी मागणी आहे आणि ती पूर्ण व्हावी असे मलाही वाटते. परंतु जागेची कायदेशीर तपासणी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कला संचालनालयाकडून मातीच्या नमुन्याची मान्यता, हे सारे व्हायला वेळ लागणार आहे.

दगड भिंतीत बसवला त्या दिवशी ते नगरसेवक एकटेच आले. बराच वेळ उभे राहिले, आपल्या पणजोबांच्या नावावर बोट ठेवले आणि विचारले, “एक्कावन्नच ना?” मी हो म्हणालो. मग मोजमाप पुस्तिका उघडून त्यांच्यासमोरच नोंद केली: काळा पाषाण, लांबी 92 सेंटीमीटर, रुंदी 61 सेंटीमीटर, मजकूर पूर्ण वाचनीय, दगड अखंड.