आई-बाबांसोबत गाडीने कॅनडा: नेक्सस, व्हिसा आणि पीस आर्चची रांग

नेक्सस म्हणजे आधी तपासणी झालेल्या प्रवाशांना अमेरिका-कॅनडा सीमेवर वेगळ्या, जलद रांगेतून सोडणारं कार्ड. ते मिळतं माणसाला, पण सीमेवर हिशेब होतो अख्ख्या गाडीचा. गाडीतल्या एकाकडे जरी कार्ड नसलं, तरी बाकीच्यांनी आपापली कार्डं पाकिटात ठेवायची आणि साध्या रांगेत लागायचं. पाळण्यातलं बाळही याला अपवाद नाही, त्याचंही स्वतःचं कार्ड लागतं. उन्हाळा आला आणि भारतातून आई-वडील यायला लागले, की सिएटलकडची मराठी मंडळी हमखास विचारतात: "आमच्या दोघांकडे नेक्सस आहे. आई-बाबा मागे बसले तर चालेल ना?" नाही चालत. कार्ड नसलेला माणूस नेक्ससच्या रांगेत नेला तर नियमभंग धरतात आणि ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांचंही जाऊ शकतं.

यंदा मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून आम्ही आई-बाबांना व्हँकुव्हर दाखवून आणलं. त्याआधी थोडेच दिवस आम्ही तिघं नेक्ससने जाऊन आलो होतो, म्हणून दोन्ही रांगांबद्दल लिहितो.

आधी गाडीत कोण होतं ते सांगतो, कारण सगळं त्यावरच ठरतं. मी आणि बायको: पासपोर्ट भारतीय, ग्रीन कार्ड आहे, नेक्सस आहे. मुलगी अमेरिकन नागरिक, तिचंही नेक्सस. आई-बाबा साताऱ्याहून बी-2 म्हणजे पर्यटक व्हिसावर आलेले. म्हणजे एका गाडीत तीन तऱ्हेची कागदपत्रं.

ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. मात्र 26 एप्रिल 2022 पासून चालू पासपोर्ट आणि चालू ग्रीन कार्ड ही दोन्ही जवळ हवीत. नेक्सस आहे म्हणून यातलं काही घरी ठेवता येत नाही. नेक्सस तुम्हाला रांग बदलून देतं. देशात शिरायचा हक्क ग्रीन कार्डातून आणि पासपोर्टातूनच येतो, त्यामुळे आम्ही जाताना तिन्ही गोष्टी एकाच पाऊचमध्ये घालतो.

आई-बाबांचं तसं नाही. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणून भारतीय पासपोर्टवर कॅनडात सोडत नाहीत. कॅनडाचा वेगळा व्हिजिटर व्हिसा लागतो आणि तो सीमेवर मिळत नाही. शुल्क 100 कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटोचे वर 85. ठसे एकदा दिले की दहा वर्षं चालतात. माझा आग्रह असा, की हे काम आई-बाबा भारतात असतानाच उरकून टाका. इकडे आल्यावर अर्ज करता येतो, पण व्हिसा चिकटवायला पासपोर्ट पाठवून द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या मुक्कामात काही आठवडे पासपोर्टच हाताशी नसणं बाबांच्या पिढीला झेपत नाही. आमच्या बाबांनी तर विमानात पासपोर्ट बनियनच्या आतल्या खिशात ठेवला होता.

भारतातून काढलेला आरोग्य विमा कॅनडात चालतो का, तेही बघून घ्या. फक्त अमेरिकेपुरत्या असलेल्या पॉलिसी बऱ्याच असतात. गाडीचा अमेरिकन विमा कॅनडात साधारणपणे चालतो, त्याचं कार्ड गाडीत ठेवा. भाड्याची गाडी असेल तर कॅनडात नेणार हे कंपनीला आधी सांगा.

आता रस्ता. आय-5 धरून सरळ उत्तरेला जायचं, ब्लेनला हमरस्ता संपतो आणि समोर पीस आर्च, म्हणजे कमानीजवळचा सीमेचा नाका. ब्लेन जवळ आलं की कोणत्या नाक्यावर किती मिनिटं थांबावं लागेल याच्या पाट्या रस्त्यावर दिसतात. एक्झिट 275 ने गेलं की पॅसिफिक हायवेचा नाका. ट्रक तिथूनच जातात, पण छोट्या गाड्याही चालतात. 276 हा अमेरिकेतला शेवटचा एक्झिट, तो सुटला की तुम्ही पीस आर्चच्या रांगेत. गर्दी फारच असेल तर बेलिंगहॅमहूनच मेरिडियन रस्त्याने लिंडेनचा नाका गाठा, नाहीतर आणखी पूर्वेला सुमास. लिंडेनचा नाका रात्रभर उघडा नसतो, सुमासचा असतो. नकाशाच्या ॲपमधल्या मिनिटांपेक्षा मी सीमेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या आकड्यांवर जास्त विसंबतो.

सुट्टीच्या शनिवारी सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ टाळा. आम्ही सकाळी सातच्या आत घर सोडलं, कारण आईची पूजा साडेसहाला आटोपते आणि त्याआधी निघणं आमच्या घरात शक्य नाही. तरी पीस आर्चला पाऊण तास गेला. शेजारच्या नेक्ससच्या रांगेतून गाड्या सरकत होत्या आणि बाबा प्रत्येक गाडीकडे बोट दाखवून विचारत होते, "हे कोण? व्हीआयपी का?"

रांगेत बसल्या बसल्या कमान नीट बघता येते. सॅम हिल नावाच्या गृहस्थाने पुढाकार घेऊन बांधलेली ही कमान 1921 मध्ये खुली झाली. दोन देशांमधल्या शंभर वर्षांच्या शांततेची ती खूण. आतल्या बाजूला लोखंडी दरवाजे आहेत आणि वर कोरलंय, हे दरवाजे कधीही बंद न होवोत. बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगी म्हणाली, "पण आजोबा, कोव्हिडमध्ये बंदच होतं की!" खरंच होतं. मार्च 2020 मध्ये बिगरगरजेच्या प्रवासाला सीमा बंद झाली. कॅनडाने ऑगस्ट 2021 मध्ये लस घेतलेल्या अमेरिकनांना यायला दिलं आणि अमेरिकेने तिकडच्या लोकांसाठी जमिनीवरची सीमा नोव्हेंबरमध्ये उघडली. मधल्या काळात ताटातूट झालेली कुटुंबं याच कमानीभोवतीच्या बागेत भेटायची, कारण बाग दोन्ही देशांत मिळून आहे.

खिडकीपाशी पोचायच्या आधी गाडीतली कामं उरका. मागच्या काचा खाली घ्या, गाणी बंद करा, गॉगल काढा, पाचही पासपोर्ट एका हातात ठेवा. कव्हरं काढलेली बरी. आमच्याकडे मखमली कव्हरातून बाबांचा पासपोर्ट बाहेर काढायला जितका वेळ लागला, तितक्यात पुढची अर्धी चौकशी झाली असती. प्रश्न ठरलेले: कुठे राहता, कुठे चाललात, किती दिवस, दारू-तंबाखू, हत्यार, गांजा, तिकडे कोणाला देऊन येणार असं काही. मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांना अधिकारी थेट विचारतात. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की विचारलं तेवढंच बोलायचं. आमच्या बाबांना "अमेरिकेत कधी आलात?" असं विचारलं, तर त्यांनी तारीख सांगून वर मुंबईच्या विमानाला झालेला उशीरही सांगितला. अधिकारी हसला, पण मागच्या गाड्या हसत नव्हत्या.

खाण्याचं काय आणलं, यावर सरळ खरं सांगायचं. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू घेतले होते. "घरी केलेलं कोरडं खाणं, मांस नाही, ताजी फळं नाहीत," असं मी सांगितलं आणि विषय संपला. 'काही नाही' म्हणून दडपून सांगण्यापेक्षा चार पदार्थांची नावं घेणं नेहमी स्वस्त पडतं.

गांजाबद्दल वेगळं सांगतो, कारण यात चांगली शिकलेली पोरं अडकतात. वॉशिंग्टन राज्यात तो चालतो, ब्रिटिश कोलंबियातही चालतो, पण सीमा ओलांडून नेणं दोन्ही दिशांना गुन्हा आहे. गोळीच्या रूपातला असला तरी. ग्रीन कार्डवाल्याला तर यातून इमिग्रेशनचं मोठं लचांड मागे लागू शकतं. पोराचे मित्र गाडीत बसून गेले असतील तर सीटखाली बघून निघा.

आई-बाप दोघांपैकी एकच जण मुलाला घेऊन जात असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा. कॅनडाचे अधिकारी ते मागू शकतात.

आता नेक्सस काढायचं कोणी? अमेरिका किंवा कॅनडाचे नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच ते मिळतं (मेक्सिकोच्या काही नागरिकांसाठी वेगळी सोय आहे). एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या भारतीयाला नाही. ग्लोबल एंट्री (अमेरिकेत शिरताना झटपट तपासणीची सोय) मात्र 2017 पासून भारतीय नागरिकांना खुली आहे. ती विमानतळासाठी उत्तम, पण कॅनडात शिरताना तिच्या जोरावर नेक्ससच्या रांगेत जाता येत नाही. नेक्ससमध्ये ग्लोबल एंट्री आणि विमानतळावरचं टीएसए प्रीचेक (सुरक्षा तपासणीची जलद रांग) दोन्ही येतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून शुल्क 120 डॉलर झालंय, त्याआधी 50 होतं. पाच वर्षं चालतं, 18 वर्षांखालच्या मुलांना शुल्क नाही. वर्षातून एकदाच व्हँकुव्हरला जाणार असाल तरी ग्लोबल एंट्रीच्या पैशात दोन्ही मिळतं, म्हणून ग्रीन कार्डवाल्यांनी नेक्ससच घ्यावं असं माझं मत.

अर्ज ऑनलाइन होतो. पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या, कुठकुठे फिरलात ते सगळं लागतं. दोन्ही देश आपापली तपासणी करतात, म्हणून वेळ लागतो. मग मुलाखत. ब्लेनच्या केंद्रात ती घेता येते. जागा पटकन भरतात, पण लोक रद्दही करतात, म्हणून रोज सकाळी संकेतस्थळ बघत राहा. प्रश्न साधे असतात, ठसे-फोटो होतात, आणि शेवटी काय नेऊ नये यावर चांगली तंबी मिळते. कार्ड घरी आलं की 30 दिवसांत ऑनलाइन चालू करायचं. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं आणि मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर जुन्या कार्डाचे फायदे पुढे 24 महिन्यांपर्यंत मिळतात. पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड नवं झालं की ते तुमच्या ऑनलाइन खात्यात नोंदवा.

नाक्यावर कार्ड सोबतच्या पाकिटातून बाहेर काढा. ते पाकीट रेडिओलहरी अडवायलाच दिलेलं असतं, त्यात ठेवलं तर यंत्राला कार्ड वाचता येत नाही. मेक्सिकोहून अमेरिकेत येतानाच्या अशाच सोयीला, म्हणजे सेंट्रीला, गाडीचीही नोंदणी लागते, नेक्ससला लागत नाही. सॅन डिएगोहून तिहुआनाला जाऊन परत येणाऱ्यांनी हे विसरू नये.

एच-1बी वाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पासपोर्टातला अमेरिकन व्हिसा संपला असेल, पण आय-94 (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं याची नोंद) आणि आय-797 (एच-1बी मंजुरीचं पत्र) चालू असेल, तर फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन 30 दिवसांच्या आत त्याच आय-94 वर परत येता येतं. अट अशी, की त्या फेरीत नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. कागद छापून न्या, फोनवर अवलंबून राहू नका. आणि कॅनडाचा व्हिसा तुम्हाला लागतोच.

परतीला आम्ही सोमवारची संध्याकाळ टाळून सकाळीच निघालो. आई-बाबांचं आय-94 चालू होतं, ते अधिकाऱ्याने पडद्यावर पाहिलं आणि सोडलं. इथे एक गैरसमज आहे, की कॅनडाला जाऊन आलं की आई-बाबांचे सहा महिने नव्याने सुरू होतात. तसं धरून चालू नका. छोट्या फेरीनंतर सहसा जुनीच तारीख कायम राहते, म्हणून घरी आल्यावर संकेतस्थळावर बघून घ्या. कोणी कॅनडातून गाडीने पहिल्यांदाच अमेरिकेत शिरत असेल तर त्यांना नवं आय-94 काढावं लागतं. ते आधी ऑनलाइन भरलं तर नाक्यावरचा वेळ वाचतो. शुल्क 6 डॉलर होतं, 30 सप्टेंबर 2025 पासून 30 झालं.

खरा पेच परतीच्या सामानाचा. मे महिन्यात व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरातल्या देशी दुकानांत हापूसच्या पेट्या लागलेल्या असतात, पेंढ्यात ठेवलेल्या, वास रस्त्यापर्यंत येतो. भारतातून अमेरिकेत येणाऱ्या आंब्यावर विकिरणाची प्रक्रिया सक्तीची आहे, कॅनडाला ती अट नाही. त्यामुळे सरेची पेटी दक्षिणेला आणता येत नाही. कढीपत्ताही नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावर असू शकते. आईने दुकानात कढीपत्त्याची जुडी हातात घेतली होती, ती परत ठेवायला लावली तेव्हा "पानांनी काय होतंय?" म्हणून तिने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण नेक्ससवाल्याच्या गाडीत न सांगितलेला एक आंबा सापडला तरी कार्ड रद्द होऊ शकतं, मग रांग साधी का असेना.

आम्ही पेटी घेतली आणि आदल्या रात्रीच संपवली. बाबांना एक कोय अंगणात लावायला हवी होती. तीही हॉटेलच्या कचऱ्यात गेली.