रुबिनस्टाइनचा १९०७चा डाव आम्ही कसा सोडवला

वजिरापुढच्या प्याद्याने सुरू होणारे डाव रटाळ असतात, असं माझा भाचा ठासून सांगायचा. तो दादरला बुद्धिबळाच्या क्लासला जातो आणि ई४शिवाय, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकल्याशिवाय, दुसरी सुरुवात करत नाही. सुट्टीत तो आमच्याकडे गोरेगावला राहायला आला तेव्हा मी रोटलेवी (पांढरा) विरुद्ध रुबिनस्टाइन (काळा) हा डाव काढला. साल १९०७, शहर लोड्झ, जे आज पोलंडमध्ये असलं तरी तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. 'रुबिनस्टाइनचा अमर डाव' म्हणून तो ओळखला जातो. काळा २५ खेळ्यांत जिंकतो.

"मामा, इंजिन लाव ना, लगेच कळेल."

इंजिन म्हणजे खेळ्या सुचवणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम. मी मोबाइल आतल्या खोलीत ठेवायला लावला. खेळ्यांच्या कागदावर दुसरा कागद ठेवायचा, एकेक ओळ उघडायची, आणि काळ्याची खेळी बघण्याआधी आपली खेळी कारणासकट वहीत लिहायची. इंजिन सगळ्यात शेवटी.

पहिल्या दहा खेळ्या भराभर झाल्या. खरे थांबलो ते अकराव्या खेळीवर. पांढऱ्याने उंट डी३ला आणला आणि रुबिनस्टाइनने लगेच सी४वरचं प्यादं मारलं. परत मारायला त्याच उंटाला सी४ला जावं लागलं. काळ्याने बी५ केलं, उंट पुन्हा डी३ला. पांढऱ्याचा वजीर आधीच डी२ला येऊन बसला होता. काळ्याने डी पट्टीवर, म्हणजे त्याच उभ्या रांगेत, हत्ती आणल्यावर त्यालाही ई२ला सरकावं लागलं.

पंधराव्या खेळीत पांढऱ्याने कॅसलिंग केलं, म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला नेला. तिथे मी भाच्याला म्हटलं, आता प्रत्येक मोहरा समोरच्याशी जुळवून बघ. त्याने बोट ठेवत ठेवत जुळवलं. बी२च्या उंटासमोर बी७चा, डी३समोर डी६चा, घोड्यांसमोर घोडे, ई२समोर ई७चा वजीर, प्यादीसुद्धा तंतोतंत. आरशात बघावं तसा पट. फरक दोनच: काळ्याचा हत्ती एफ८ सोडून डी८ला पोचलाय, आणि पाळी काळ्याची आहे. उंटाने एक खेळी घालवली, वजिराने एक. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग आता काळाच पांढरा झाला की!"

माझ्या मते या डावाचं मर्म इथे आहे. सगळे जण थेट बाविसाव्या खेळीचा बळी दाखवतात, पण तो बळी परवडला कशामुळे, हे या शांत खेळ्यांत दिसतं. इथून काळ्याचा घोडा ई५ला येतो, घोड्यांची मारामारी होते, पांढरा एफ४, ई४, ई५ अशी प्यादी ढकलतो आणि स्वतःच्याच राजाकडे जाणारे कर्ण मोकळे करून देतो. बी६वरून उंटाचा शह, राजा कोपऱ्यात, मग काळ्याचा घोडा जी४ला, पांढऱ्याचा उंट ई४ला आणि काळ्याचा वजीर एच४ला.

पांढऱ्याने जी३ करून वजिराला हटकलं. रुबिनस्टाइनने वजीर तिथेच ठेवून हत्तीने सी३चा घोडा मारला. पांढऱ्याने तो वजीर मारला, तर काळ्याचा दुसरा हत्ती थेट डी२ला! या घडीला काळ्याचे दोन्ही हत्ती, जी४चा घोडा आणि बी७चा उंट, चारही मारता येतात. आम्ही चारही मारून पाहिले. सी३चा हत्ती मारला तर ई४वर उंटाचा शह, वजिराने तो उंट मारला की एच२वर मात. सगळ्यात चिवट निघाला बी७चा उंट मारण्याचा फाटा. हत्ती ई२चा वजीर मारतो, पांढरा उंट जी२ला बचावाला परततो, मग पुढे? हे मला सकाळच्या चर्चगेट स्लोमध्ये, अंधेरीच्या गर्दीत उभ्या उभ्या सुचलं: दुसरा हत्ती एच३ला. उंटाने तो मारला तरी ई२चा हत्ती एच२वर मात देतो.

प्रत्यक्ष डावात पांढऱ्याने वजिराने डी२चा हत्ती मारला, ई४वर उंटाचा शह आला, वजीर जी२ला आडवा गेला आणि हत्ती एच३ला आल्यावर रोटलेवीने डाव सोडला. वजीर उंटाच्या कर्णावर जखडलेला, हलला तर राजाला शह, त्यामुळे त्याला एच३चा हत्ती मारता येत नाही.

मग इंजिन लावलं. सी३वरचा बळी त्याला क्षणात सापडला. अकराव्या खेळीपाशी मात्र कोण वरचढ हे सांगणारा त्याचा आकडा शून्याच्या, म्हणजे बरोबरीच्या, आसपासच होता. नुसता आकडा बघून आम्ही तिथून पुढे निघून गेलो असतो.

आता आम्ही अरोनियन विरुद्ध आनंद, वाइक आन झी (नेदरलँड्समधली स्पर्धा), २०१३ हा डाव घेतलाय. तोही डी४चाच, म्हणजे वजिरापुढच्या प्याद्याने सुरू झालेला, आणि तोही काळ्याने जिंकलेला. सोळाव्या खेळीत आनंद घोडा ई५ला ठेवतो, जिथे तो पांढऱ्याच्या दोन प्याद्यांच्या तोंडी आहे. पण भाच्याने वहीत त्याच्या कितीतरी आधी खूण केली आहे: सहाव्या खेळीत पांढरा उंट डी३ला, लगेच काळ्याने सी४वर मारलं, मग बी५, आणि उंट परत डी३ला.