गोळीचा नववा दिवस

आज लिफ्टमध्ये पुन्हा तेच. छातीत धडधड, हाताला मुंग्या, घसा आवळल्यासारखा आणि डोक्यात एकच वाक्य: संपलो आपण. फरक इतकाच, की या वेळी मी घड्याळाकडे बघत राहिले. पॅनिक अटॅक साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरायला लागतो, असं डॉक्टर म्हणाले होते. माझा सातव्या मिनिटाला ओसरू लागला. ती सात मिनिटं कशी गेली ते विचारू नका.

मुंग्यांचं कोडंही एकदाचं सुटलं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटं बधिर होतात. आणि मी हार्ट अटॅक समजून दोनदा ईसीजी काढून आले होते! दोन्ही नॉर्मल.

एसिटालोप्राम ही पॅनिक अटॅकवरची गोळी सुरू आहे, ५ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी कमी डोस. पहिले चार दिवस मळमळ, आणि अस्वस्थपणा उलट वाढलेला. गोळ्या फेकून द्यायच्याच बाकी होत्या. डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं, सुरुवातीला असं होऊ शकतं. खरा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

"एवढं कसलं टेन्शन घेतेस गं?" याला आज मी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी परत लिफ्टनेच वर आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत आतला दांडा घट्ट धरला होता. मग सोडला.