मावशींच्या नॉबवरचे ठिपके

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला फोन आला. "सर, लगेच या. मशीन आपोआप पळालं, मावशींच्या बोटाला लागलंय."

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. त्याआधी बुधवारी संध्याकाळी मी त्या वर्कशॉपमधल्या कॉइल वायंडिंग मशीनचा, म्हणजे तारेचे वेढे गुंडाळणाऱ्या यंत्राचा, वेगाचा पॉट (नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा भाग) काढून डिजिटल पॉट (तेच काम हुकमाने करणारी चिप) बसवून आलो होतो. जुन्याचा कार्बनचा पट्टा झिजला होता. नॉब एका ठरावीक जागी आला की मोटर गचका द्यायची आणि तार तुटायची. शिवाय सुरुवातीचे वेढे हळू, मधले जोरात आणि शेवटचे पुन्हा हळू, असा वेग आपोआप बदलायला मालकांना हवा होता. ते काम हाताने फिरवायच्या पॉटचं नाही. म्हणून एमसीपी ४१०१० ही चिप घेतली: दहा किलोओहम, २५६ पायऱ्या, आणि तिला हुकूम द्यायला एक नॅनो बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा कंट्रोलर.

मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमधून पॉटसाठी १० व्होल्ट येतात आणि या चिपला ५ व्होल्टचा सप्लाय लागतो. तिच्या कुठल्याही टोकावर सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज चालत नाही. म्हणजे जुन्या पॉटच्या तीन तारा काढून थेट चिपला जोडता येत नाहीत. चिपला ५ व्होल्टवरच ठेवलं आणि वायपरचं, म्हणजे पॉटच्या मधल्या सरकत्या टोकाचं, व्होल्टेज एलएम ३५८ या अ‍ॅम्प्लिफायर चिपने दुप्पट करून ड्राइव्हला दिलं. १० व्होल्टला ड्राइव्ह मोटरला ५० हर्ट्झ, म्हणजे पूर्ण वेग देतो; एका पायरीला साधारण ०.२ हर्ट्झ. बुधवारी रात्री साडेआठपर्यंत चालवून पाहिलं, लोण्यासारखं चाललं.

पोहोचलो तेव्हा मावशी स्टुलावर बसल्या होत्या. तर्जनीवर केसाएवढी लाल रेघ, वर हळद. बॉबिनवर ४२ गेजची तार गुंतून पडली होती. ही तार जेमतेम ०.१ मिलिमीटरची. जाड तार असती तर काय झालं असतं, या विचारानेच माझ्या पोटात गोळा आला.

"मावशी, नेमकं काय केलंत?"

"रोजच्यासारखंच. मेन चालू केला, तार बोटात धरली, पेडलवर पाय ठेवला. आधी नॉब शून्यावर असायचा, मी रोज जाताना शून्यावर आणून जायचे. आता नॉबच नाही."

मी मेन बंद करून पुन्हा चालू केला आणि मल्टिमीटर वायपरवर धरला. २.५ व्होल्ट. तीन-चार सेकंद तसेच राहिले आणि मग शून्य झाले. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, स्पष्ट लिहिलेलं आहे की वीज आली की या चिपचा वायपर बरोबर मध्यावर जाऊन बसतो. तिला स्वतःची आठवण नाही. नॅनो सुरू होऊन शून्याचा हुकूम देईपर्यंत ड्राइव्हला ५ व्होल्ट दिसत राहतात, म्हणजे २५ हर्ट्झ, अर्धा वेग. त्यात मी प्रोग्रॅममध्ये आधी डिस्प्लेवर तीन सेकंद कंपनीचं नाव दाखवून मग शून्य लिहिलं होतं. बुधवारी मी प्रत्येक वेळी ते नाव जाईपर्यंत थांबून पेडल दाबत होतो. मावशी कशाला थांबतील?

शून्य आधी लिहायचं, ही दुरुस्ती दोन मिनिटांची. पण तेवढ्यावर मी मशीन त्यांच्या हाती देणार नव्हतो. नॅनो जागा व्हायलाच वेळ घेतो, आणि कधी तो हँग झाला तर? आठवण ठेवणारी एक्स९सी१०३ ही दुसरी डिजिटल पॉटची चिप बसवायचा विचार केला. पण ती शेवटची साठवलेली जागा घेऊन उठते आणि इथे उठताना शून्यच हवं. शेवटी पेडलची तार एका रिलेतून, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचमधून, फिरवली. नॅनो आधी शून्य लिहितो, मग वायपरचं व्होल्टेज स्वतःच्या अ‍ॅनालॉग पिनवर मोजतो आणि ते खरंच शून्याजवळ असेल तरच रिले ओढतो. या चिपला परत वाचायची सोय नाही, म्हणून व्होल्टेज मोजणं भाग होतं. रिलेबरोबर पॅनलवर एक हिरवा दिवा लागतो. तो लागेपर्यंत पेडल मेलेलं.

दुपारी मेन वीस वेळा चालू-बंद केला, प्रत्येक वेळी पाय पेडलवर ठेवूनच. पायही माझा आणि तारही माझ्याच बोटात धरलेली.

मावशींनी ड्रॉवरमधून जुना नॉब काढून दाखवला. त्यावर नेलपॉलिशचे तीन ठिपके होते, एकेका गेजसाठी एकेक. "मला आकडे वाचायला चष्मा लागतो, सर. ठिपका लांबूनही दिसायचा."

हे मला बुधवारी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मग डिस्प्लेच्या जागी तीन बटणं बसवली, तिन्ही गेजचा वेग आधीच भरून ठेवलेली. संध्याकाळी हत्यारं आवरताना पाहिलं, तर प्रत्येक बटणाशेजारी लाल ठिपका होता, एक, दोन आणि तीन. हिरव्या दिव्याभोवतीही एक गोल होता आणि त्याचं नेलपॉलिश अजून ओलं होतं.