मिनिमम ड्यूचा तो छोटा आकडा

मागच्या वर्षी आईसाठी फ्रिज घेतला क्रेडिट कार्डवर, ४०,००० चा. बिल आलं त्यात दोन आकडे, टोटल ड्यू म्हणजे पूर्ण बिल ४०,००० आणि मिनिमम ड्यू म्हणजे निदान एवढे तरी भरा तो आकडा, २,०००. त्याच महिन्यात नव्या घराचं डिपॉझिट द्यायचं होतं म्हणून मी १०,००० भरले आणि खरं सांगते, मला छान वाटलं, मागितले त्याच्या पाचपट भरले ना!

पुढच्या बिलात २,४०० च्या आसपास व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. मला वाटलेलं व्याज लागलं तर उरलेल्या ३०,००० वर लागेल, पण तसं नसतं. बिल पूर्ण भरलं नाही की ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी सवलत गेलीच, व्याज थेट खरेदीच्या तारखेपासून, आणि मी पैसे भरले त्या दिवसापर्यंत पूर्ण ४०,००० वर. वर नंतर कार्डवर घेतलेलं पेट्रोल, किराणा, त्यालाही पहिल्या दिवसापासून मीटर चालू. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, ऐकायला काहीच वाटत नाही, पण वर्षाचे ४२ होतात, पर्सनल लोन सुद्धा बहुतेक वेळा याच्यापेक्षा स्वस्त पडतं.

पण मला जास्त लागलं ते हे की मी १०,००० ची तुलना २,००० शी का केली, ४०,००० शी का नाही? याला अँकरिंग म्हणतात, आधी दिसलेल्या आकड्याला आपला अंदाज चिकटून बसतो. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेलं, लोकांसमोर एक चक्र फिरवायचे, ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली, मग विचारायचे यूएनमध्ये आफ्रिकन देश किती टक्के. १० बघितलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास, ६५ वाल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही तरी! २००९ मध्ये ब्रिटनमध्ये नील स्टुअर्ट या मानसशास्त्रज्ञाने हेच कार्डाच्या बिलावर करून बघितलं, साधारण ४३५ पौंडांचं खोटं बिल, पूर्ण बिल न भरणारे लोक मिनिमम न छापलेल्या बिलावर सरासरी १७५ पौंड भरू म्हणाले आणि मिनिमम छापलं तर फक्त ९९.

आपल्याकडे आरबीआयच्या नियमाने बिलावर इशारा छापतात की नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फेडायला महिने, वर्षं लागतील. पण एकीकडे तो इशारा, आणि दुसरीकडे ॲपमध्ये मिनिमम ड्यूचं बटण टोटलच्या शेजारीच, तेवढंच ठळक, तिथे नजर आधी कुठे जाणार?

परवा दादाच्या कार्डाचं ऑटो पे बघितलं, मिनिममवर सेट होतं, त्यालाही माहीत नव्हतं. तिथेच बसून टोटल ड्यूवर करून घेतलं.